पुढे चाल

आमच्या कॉलेजात खेळ दोनच, क्रिकेट आणि कबड्डी. त्यांचे कप प्राचार्यांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात असतात. बाकी जे काही खेळलं जातं त्या सगळ्याला मिळून नोटीस बोर्डावर एकच नाव आहे, 'इतर खेळ'. बुद्धिबळ इतर, खो-खो इतर, व्हॉलीबॉल इतर. त्या वर्षी त्यात हँडबॉलची भर पडली होती आणि मी त्या सगळ्या इतरांची लेडी मॅनेजर होते.

लेडी मॅनेजर हे पद कुणी मागून घेत नाही. मुलींचा संघ बाहेर खेळायला जाणार तर सोबत एक बाई पाहिजे, असा विद्यापीठाचा नियम. जिमखान्याचे सर पुरुष, आणि त्यांचा जीव क्रिकेटच्या मुलांत. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली. ज्यांची मुलं लहान होती त्या सुटल्या, ज्यांचे गुडघे दुखत होते त्याही सुटल्या. माझी मुलगी पुण्याला शिकायला आणि गुडघे धडधाकट, म्हणून मी सापडले. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, असं मी सांगून पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "कळायचं काय आहे मॅडम? मुलींना न्यायचं, सही करायची, परत आणायचं."

मी मराठी शिकवते. दुकानाची पाटी असो, लग्नपत्रिका असो, कुठेही चुकीची वेलांटी दिसली की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. पेणच्या बाजारात मी एका भाजीवाल्याला त्याच्या फळ्यावरचा 'कोथींबीर' पुसून नीट लिहायला लावलं आहे, तेही गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना. मुलं मला मागून 'वेलांटी मॅडम' म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. त्यावर आमचं बरं चाललेलं असतं.

संघ म्हणायला अनेक होते, मुली मात्र त्याच. खेळ बदलला तरी पाठीवर नंबर लिहिलेले टीशर्ट तेच असायचे, फक्त धुऊन आलेले. बुद्धिबळात आम्ही पहिल्याच दिवशी परत आलो. खो-खोमध्ये समोरच्या मुली कुठून कुठे गेल्या ते आमच्या मुलींना कळलंच नाही. व्हॉलीबॉलला आमची सर्व्हिस जाळीच्या पलीकडे जायला तयार नव्हती. प्रत्येक वेळी हरलो, प्रत्येक वेळी पेणला उतरून वडे खाल्ले आणि आपापल्या घरी गेलो. हरण्याची लाज कुणाला वाटली नाही, मलाही नाही. हरून आलेल्या माणसाला कुणी थांबवून काही विचारत नाही, हे एक सुखच असतं.

या मुलींमध्ये हँडबॉल हा एकीचाच खेळ होता. ती आमची कर्णधार. पेणच्या खाडीकडच्या गावची, आईवडील दोघं मिठागरावर कामाला. लहानपणी भात पिकत आलं की शेतावर पाखरं हाकायला हिलाच बसवायचे, आणि ढेकळं मारून मारून तिचा डावा हात असा तयार झाला होता की जिथे बघेल तिथे नेमकं मारायची. हँडबॉल तिने मोबाईलवर पाहिला होता. कॉलेजच्या मागच्या भिंतीवर खडूने गोल आखून ती त्यात चेंडू मारत बसायची. त्या भिंतीच्या अलीकडे माझा वर्ग. अलंकार शिकवताना मागून धप्, समास शिकवताना धप्. एकदा मी तणतणत बाहेर गेले.

"भिंत पाडायची आहे का तुला?"

"नाय मॅडम," ती म्हणाली. "पण भिंतीवर काय मजा नाय. मारला की परत येतो. मला एकदा जाळीत मारायचाय."

"मग मार ना, कुणी अडवलंय?"

"जाळी पायजे, समोर गोलकीपर पायजे. एक तरी खरी मॅच पायजे." तिने चेंडू काखेत धरला. "या वर्षी झाली तर झाली. पुढल्या वर्षी मी धाटावला लागणार. काकानी कंपनीत बोलून ठेवलंय. मग शिफ्टमधून कसली मॅच."

तिला काय हवं होतं ते मला त्या दिवसापासून माहीत होतं. कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

हँडबॉलचा पहिला सामना आमच्याच मैदानावर होता. जिमखान्याच्या सरांनी वेल्डरकडून गोलपोस्ट करून घेतले होते, जाळ्या अजून यायच्या होत्या. फक्कीच्या रेघा मारल्या, मुली पाय झटकत उभ्या राहिल्या, आणि समोरचा संघ आलाच नाही. पंचांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे येऊन हसत म्हणाले, "मॅडम, पुढे चाल."

मला वाटलं, मी रेघेवर उभी आहे म्हणून हा माणूस मला पुढे व्हायला सांगतोय, आणि तेही अरेतुरेत. राग आला, पण मी पर्स उचलून चालायला लागले. मुली पोट धरून हसल्या. मग जिते स्टेशनवरून येणाऱ्या आमच्या सगळ्यात भित्र्या मुलीने मला बाजूला घेऊन समजावलं, की समोरचा संघ आला नाही की आलेल्या संघाला न खेळता पुढच्या फेरीत पाठवतात, त्याला 'पुढे चाल मिळाली' म्हणतात. वर्तमानपत्रात मी हे शब्द वाचले असणार, पण क्रीडेचं पान मी आयुष्यात कधी पुरं वाचलेलं नाही. मराठीच्या बाईला मराठी शब्द कळला नाही, याची त्या दिवशी मला खरी लाज वाटली. त्या वर्षातली ती सगळ्यात स्वस्त लाज.

दुसऱ्या सामन्यालाही कुणी आलं नाही. तिसऱ्याला समोरच्या कॉलेजातून एक शिपाई आला आणि मुलींची चाचणी परीक्षा असल्याचं सांगून चहा पिऊन गेला. जिमखान्याच्या सरांनी मला त्यातली मेख सांगितली. हँडबॉलसारख्या नव्या 'इतर खेळां'त सगळी कॉलेजं नुसती नावं नोंदवतात, कारण कॉलेज तपासायला समिती येते तेव्हा भरपूर खेळ दाखवावे लागतात. नाव नोंदवलं की काम झालं. संघ पाठवायची गरज कुणालाच नसते. "आपणच एकटे वेडे, हजर राहतो," ते म्हणाले, "आणि त्यातच आपलं फावलंय बघा. नशीब लागतं मॅडम."

अशा रीतीने चेंडूला हात न लावता आम्ही विभागाच्या अंतिम सामन्यात पोचलो.

मला वाटलं होतं ही गोष्ट आपल्यातच राहील. पण क्रिकेटची मुलं त्या वर्षी लवकर घरी आली होती, कबड्डीचं भांडण होऊन संघ बाद झाला होता, आणि प्राचार्यांना कुणाचं तरी कौतुक करायचंच होतं. त्यांनी बातमी दिली. बातमीत 'एकामागून एक फेऱ्या सर करीत' असं होतं. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि त्यात व्याकरणाची एकही चूक सापडली नाही.

मग नाक्यावर फ्लेक्स लागला. येत्या निवडणुकीत उभं राहायची इच्छा असलेले एक भाऊ आमच्याकडे आहेत, त्यांनी तो लावला. सगळ्यात वर हात जोडलेले भाऊ, त्यांच्या खांद्याशी प्राचार्य, आणि मधोमध, ताटाएवढा, माझा चेहरा. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घातला होता; त्यात मी चोरी पकडली गेल्यासारखी दिसते. मुली खालच्या कडेला एका ओळीत, पत्रिकेतल्या 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या मुलांएवढ्या. बाजूला इंटरनेटवरून उचललेली एक गोरी बाई उडी मारत होती, तीही व्हॉलीबॉलसाठी. आणि माझ्या हनुवटीखाली मोठ्या लाल अक्षरांत 'हार्दीक अभिनंदन'.

दुसरी वेलांटी. माझ्या चेहऱ्याखाली.

मी महिनाभर त्या नाक्यावरून गेले नाही. स्टेशनला जायला मागची वाट धरली. तरी लोक गाठायचेच. बँकेत, किराणाच्या दुकानात, डॉक्टरकडे. "काय मॅडम, मैदान मारलंत म्हणे." मी "मुलींचं श्रेय" म्हणायचे आणि सटकायचे. ते वाक्य बाहेरून विनयाचं होतं आणि आतून खोटं. कारण मुलींनीही काही केलं नव्हतं, बिचाऱ्या नुसत्या हजर राहिल्या होत्या.

सत्कारांचा मग सपाटा लागला. शाल, नारळ, गुलाबाचं एकेक फूल. मुली पहिल्या सत्काराला लाजल्या, दुसऱ्याला हसल्या, तिसऱ्याला गप्प झाल्या. शेवटचा सत्कार कर्णधाराच्या गावात होता. समाजमंदिरात सतरंज्या घातल्या होत्या. मला एकटीला खुर्ची. गावातल्या कबड्डीच्या जुन्या खेळाडूंनी पोरींच्या गळ्यात हार घातले. ज्यांच्या गुडघ्यांवर खरोखरच्या पडण्याचे वण होते अशी ती माणसं, आमच्या मुलींसमोर मान लववून हार घालत होती. मला खुर्ची टोचायला लागली.

कार्यक्रम संपल्यावर कर्णधाराची आई पुढे आली. मिठागरावरून थेट आली होती, पोटऱ्यांवर पांढरं सुकलेलं होतं. लेकीच्या गळ्यातला हार तिने हाताने तोलून पाहिला आणि सरळ विचारलं, "किती गोल मारलेस गो?"

त्या एका मुलीने आजवर मला उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. व्याकरणाच्या तासाला चुकीचं का होईना, पण ठणकावून द्यायची. तिथे ती हाराची फुलं तोडत उभी राहिली. आई म्हणाली, "अगो, विसरलीस का?" आणि आजूबाजूच्या बायका हसल्या. मी मध्ये पडून काहीतरी म्हणायला हवं होतं. मी नारळाची पिशवी आवरत बसले.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाबाहेर थांबली. "मॅडम, रोह्याला तरी येतील ना समोरच्या?"

"फायनल आहे. येतील."

"येऊ देत देवा," ती म्हणाली. "हरलो तरी चालंल. पण आईला सांगायला कायतरी पायजे."

अंतिम सामना रोह्याला होता. आम्ही पेणहून सकाळच्या गाडीने गेलो. जिते स्टेशनवरची ती भित्री मुलगी आधीच गाडीत बसून आली होती, तिने सगळ्यांसाठी जागा धरून ठेवली होती. नागोठण्यापर्यंत मुली गाणी म्हणत होत्या. कर्णधार खिडकीशी बसून मांडीवरचा चेंडू फिरवत होती, आणि अधूनमधून त्याला ओढणीने पुसत होती.

रोह्याच्या मैदानावर गोलपोस्टना जाळ्या होत्या. पांढऱ्या, नव्या. ती सरळ तिकडे गेली आणि जाळीत बोटं घालून उभी राहिली. सामन्याआधी तिने जाळीत एकदाही चेंडू मारला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "आता नाय. मॅचमधीच."

प्राचार्य आदल्या दिवशीच रोह्याला मेव्हण्याकडे मुक्कामाला आले होते. भाऊही आले, गाडीतून पेढ्यांचे खोके, शाली आणि हार घेऊन. मंडपात टेबलावर कप मांडलेला. विजेत्यांचा सत्कार करणारी माणसं वेळेच्या आधी पोचली होती. नव्हता तो फक्त समोरचा संघ.

तो कर्जतकडून टेम्पो ट्रॅव्हलरने येत होता. त्यांच्या मॅडमचा फोन आला, की गडब गावाजवळ हायवेवर ट्रेलर आडवा झालाय आणि गाड्या जागच्या हलत नाहीत. पंचांनी वाट पाहिली. मग आणखी पाहिली. मुली गरम होऊन पुन्हा थंड झाल्या. भाऊंना दुपारी दुसरा कार्यक्रम होता, ते खुर्चीतून दोनदा उठून बसले. शेवटी प्राचार्य माझ्याजवळ आले आणि खाली आवाजात म्हणाले, "मॅडम, नियम नियम असतो. लिहून घ्या पंचांकडून. आपल्याला पुढे चाल."

पंच म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. त्याने टेबलावर कागद घेतला, लिहिलं, आणि अदबीने माझ्यासमोर सरकवला. व्यवस्थापकाची सही झाली की सामना संपला. मी पेन उघडलं.

कर्णधार टेबलासमोर येऊन उभी राहिली. कपाळ घामाने भिजलेलं, चेंडू पोटाशी. "मॅडम, सही नका करू," ती म्हणाली. बाकी काही नाही. प्राचार्य तिला म्हणाले, "तू जा गं, पाणी पी."

आता पुढचं नीट सांगते, कारण हे इतरांनी वेगळंच सांगितलेलं आहे.

मी तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि सही करायला हात टेकवला. मला घरी जायचं होतं. ऊन होतं, प्राचार्य मागे उभे होते, आणि एवढ्या सत्कारांनंतर या मुली खरोखर खेळल्या तर काय दिसेल याची मला धास्ती होती. सहीचं पहिलं अक्षर मी काढलंसुद्धा होतं. तेवढ्यात नजर वर गेली. कागदावर लिहिलं होतं, 'विरूद्ध संघ अनुपस्थीत असल्याने'.

"अरे," मी म्हटलं, "हे काय लिहिलंयस?"

तो ओशाळला. "काय झालं मॅडम?"

"विरुद्धचा रु ऱ्हस्व. अनुपस्थितमधली थि ऱ्हस्व. तुला मी तीन वर्षं शिकवलं. असल्या कागदावर मी सही करणार नाही."

त्याने मुकाट्याने कागद फाडला आणि दुसरा घेतला. जुना विद्यार्थी म्हणून फाडला, दुसरा कुणी असता तर त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आत्ता हे..." पण मला ऐकू येत नव्हतं. असं मला होतं, चूक दिसली की दुसरं काही दिसत नाही. दुसऱ्या कागदावर 'विरुद्ध' बरोबर आला, 'अनुपस्थित' बरोबर आला आणि शेवटी त्याने लिहिलं, 'पूढे चाल'. तोही कागद फाडला गेला. मी त्याला टेबलाशी उभं करून 'पुढे'तला पु का ऱ्हस्व ते समजावून सांगत होते, आणि मैदानाच्या फाटकातून हॉर्न वाजवत टेम्पो आत आला.

मुली ओरडल्या. जित्याची ती भित्री मुलगी धावत आली आणि मला मिठी मारून रडायला लागली. "मॅडम, तुम्ही मुद्दाम केलंत ना? मुद्दाम वेळ काढलात ना?" कर्णधार जवळ आली. वाकली, माझ्या पायांना हात लावला आणि मैदानात पळाली.

मी मुद्दाम काही केलं नव्हतं. एकही वेलांटी-उकार चुकला नसता तर माझी सही कधीच झाली असती. हे त्या क्षणी सांगायला सवड नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

सामना झाला. कर्जतच्या मुली टेम्पोतून उतरल्या, पाणी प्यायल्या आणि आमच्यावर तुटून पडल्या. त्या रोज खेळणाऱ्या होत्या, हे मलासुद्धा कळत होतं. आमच्या मुली एकमेकींवर आदळत होत्या, चेंडू हातातून निसटत होता, तीनपेक्षा जास्त पावलं चेंडू घेऊन पळायचं नसतं हेच दर वेळी विसरत होत्या. मंडपात बसलेल्या माणसांत आधी कुजबुज, मग हसू, मग शांतता. भाऊंनी हार खुर्चीखाली सरकवले. प्राचार्य माझ्या शेजारी बसून प्रत्येक गोलला घसा साफ करत होते. मध्यंतराच्या आतच फळ्यावर आकडे असे दिसत होते की मी तिकडे बघायचं सोडून दिलं. आणि मी काय विचार करत होते? सही करून टाकली असती तर बरं झालं असतं, हा. माझ्या पाया पडून गेलेली मुलगी समोर धडपडत होती, आणि मला नाक्यावरच्या फ्लेक्सची आणि बँकेतल्या लोकांची काळजी होती.

उत्तरार्धात कर्णधाराला एकदा मोकळी जागा सापडली. दोघी तिला चिकटलेल्या असायच्या, त्यातली एक घसरली. तिने डावा हात मागे नेला, शेतातल्या पाखरावर ढेकूळ मारताना नेला असेल तसाच, आणि चेंडू गोलकीपरच्या कानाजवळून जाळीत गेला. जाळी फुगली. चेंडू परत आला नाही, तिथेच खाली पडला. ती हात तसाच वर ठेवून बघत राहिली. पंचांनी शिट्टी वाजवली तरी तिला कळलं नाही, जित्याच्या मुलीने खांद्याला धरून मागे ओढलं. शेवटी शेवटी तिने आणखी एक मारला. तिसरा कुणी मारला नाही.

आम्ही सपाटून हरलो. भाऊ मुरलेले, त्यांनी जराही न डगमगता 'आपल्या रायगडच्या लेकी' म्हणून कर्जतच्या मुलींना हार घातले आणि आम्हांला पेढे वाटले. प्राचार्य निघताना फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, सही करायला काय जात होतं?" खरं कारण त्यांना सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला असता, मुलींचा बसला नसता.

परतीच्या गाडीत मुलींनी पेढ्यांचा खोका संपवला. सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सांगून झाला, कोण कशी पडली, कुणाचा टीशर्ट फाटला. आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी माझी नक्कल करायचं: "विरुद्धचा रु ऱ्हस्व!" सगळ्या खिदळायच्या. कॉलेजात ती गोष्ट माझ्या आधी पोचली. वेलांटी मॅडमनी वेलांटीवर सामना वाचवला. पोरं मला जिन्यात वाट द्यायला लागली. निरोप समारंभात कर्णधाराने माईकवर सांगितलं, की मॅडम नसत्या तर तिला जाळी मिळालीच नसती. टाळ्या पडल्या. मी हसले. आता तर हा सत्कार थांबवायला समोर कर्जतचा संघही येणार नव्हता.

मे महिन्यात तिने घरी बोलावलं. धाटावला नोकरी लागली होती, पहिल्या पगाराचं जेवण. जेवण झाल्यावर तिची आई मला मिठागर दाखवायला घेऊन गेली. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून काढलेल्या मिठाच्या राशी झाकण्याची घाई चालू होती. गवत, ताडपत्री, ज्याला जे मिळेल ते. त्यांच्या राशीवर आमचा फ्लेक्स होता. हरून आल्यावर भाऊंनी तो उतरवून टाकला, तो तिच्या वडिलांनी उचलून आणला होता. भाऊ घडीत गेले होते, प्राचार्यांवर दगड ठेवला होता. माझा चेहरा मात्र राशीच्या अगदी माथ्यावर ताणून बसला होता, खाली 'हार्दीक'सह.

आई कमरेवर हात ठेवून फ्लेक्सकडे बघत होती. म्हणाली, "हिनं दोन मारले. आता सांगते, शेजारच्यांना पन सांगून झालं." मग माझ्याकडे वळली. "आनि तुमी किती मारलेत, मॅडम?"

"मी?"

"तुमचाच फोटू येवढा मोठा हाय, म्हनून इचारलं."

"एकही नाही," मी म्हटलं. "मी खेळत नाही."

"मंग फोटू कशाला?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. कर्णधार हसत मध्ये आली. "अगो आई, मॅडमनीच तर मॅच वाचवली आमची. सायबांनी सही करा सांगितली, तर मॅडमनी मुद्दाम कागदात चुका काढल्या. टेम्पो येईस्तोवर." आईने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा बदलला. समाजमंदिरात त्या कबड्डीवाल्यांनी मान लववली होती, तशी तिने माझ्यापुढे लववली.

सांगायची वेळ तीच होती. ऐकणाऱ्या दोघीच होत्या, आणि खुद्द जिचा प्रश्न होता ती समोर होती. 'मुद्दाम नाही गं, मी सही करतच होते,' एवढं एकच वाक्य. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "अनुपस्थितमधली थि ऱ्हस्वच असते." दोघी मनापासून हसल्या.

आईने पिशवी भरून मीठ दिलं. मी घेऊ लागले तर मला उचलू देईना, रस्त्यापर्यंत मी आणते म्हणाली. मिठागराचा बांध एका माणसापुरता अरुंद, दोन्ही बाजूंना पाणी. कुणी आधी जायचं म्हणून मी थांबले. तिने पिशवी डोक्यावर घेतली आणि बाजूला सरून मला वाट करून दिली.

"मॅडम, तुमी पुढं चाला," ती म्हणाली.

मी चालू लागले.